रक्ताचा रिपोर्ट पहिल्यांदा वाचताना : रक्त, ग्रंथी आणि संप्रेरके

कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी केलेली असो किंवा राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीतल्या खासगी लॅबमध्ये, रिपोर्टचा कागद हातात पडला की बहुतेकांची नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर आणि त्याच्या शेजारच्या बाणावर जाते, आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचे दोन दिवस त्या बाणाच्या काळजीत जातात. हा लेख असा कागद पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहे. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु तपासणीला नीट तयारीने जाणे, कागदावरच्या ओळी समजून घेणे आणि योग्य प्रश्न विचारणे हे रुग्णाच्या हातात असते. त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. रक्तातला आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. तो पदार्थ कोणत्या अवयवाने बनवला, त्या अवयवाला हुकूम कोठून आला आणि नमुना कोणत्या वेळी घेतला, हे कळले तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

आदल्या रात्रीची तयारी

उपाशीपोटी तपासणी म्हणजे किमान आठ तास पोटात अन्न गेलेले नसणे. पाणी चालते, नव्हे, प्यावेच, कारण शरीरात पाणी कमी असले की शीर सापडायला त्रास होतो. चहा मात्र बिनसाखरेचाही घेऊ नये. रात्री जेवण आटोपून गंगावेशीत म्हशीचे दूध प्यायला जाण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी आठ तास जेवणापासून न मोजता दुधाच्या पेल्यापासून मोजावेत.

प्रत्येक तपासणीला उपाशी राहावे लागते असे नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब) या तपासण्या खाऊन गेले तरी होतात. उपाशीपोटीची साखर आणि काही वेळा चरबीची तपासणी यांनाच उपवास लागतो. म्हणून लॅबमध्ये आधी फोन करून विचारणे शहाणपणाचे, विशेषतः वृद्धांच्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत, कारण विनाकारण उपाशी राहिल्याने त्यांची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केस आणि नखांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्याची कल्पना लॅबला द्यावी. जास्त मात्रेतले बायोटिन थायरॉईडसह अनेक संप्रेरकांच्या (हॉर्मोन्सच्या) मोजणीत गोंधळ घालते, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवतात. तालमीत घाम गाळणाऱ्यांनी आदल्या दिवशी जोर-बैठकांचा जड व्यायाम टाळावा, कारण ताणलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या एसजीओटी या विकरामुळे (एन्झाइममुळे) धडधाकट माणसाच्या रिपोर्टात यकृत बिघडल्याचा भास होऊ शकतो.

सुई टोचल्यानंतर काय होते

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि नेहमीच्या तपासण्यांसाठी त्यातले पाच-दहा मिलिलिटर पुरते, तेव्हा अशक्तपणा येण्याची भीती बाळगू नये. दंडाला पट्टा बांधल्यावर मूठ एकदा आवळून धरावी. ती सारखी उघडझाप केली तर स्नायूंतले पोटॅशियम रक्तात येते आणि रिपोर्टमध्ये ते खोटेच वाढलेले दिसते.

यानंतर रक्त ज्या नळ्यांत जाते, त्यांना लॅबमध्ये ‘बल्ब’ म्हणतात, आणि त्यांच्या झाकणांचे रंग पाहण्यासारखे असतात. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असते. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि पेशी अखंड राहतात. सीबीसी आणि एचबीए१सी याच बल्बमधून होतात. करड्या बल्बमध्ये सोडियम फ्लोराइड असते आणि तो साखरेसाठी असतो. बल्बमध्ये गेलेल्या पेशी जिवंतच असतात, त्या साखर खात राहतात, आणि साध्या बल्बमध्ये खोलीच्या तापमानाला दर तासाला साखर सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. फ्लोराइड हा व्यवहार रोखते. फिकट निळ्या बल्बमध्ये सायट्रेट असते, तो रक्त गोठण्याच्या तपासणीचा असून खुणेपर्यंत भरावाच लागतो, कारण नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडले की निकाल बिघडतो.

लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त मुद्दाम गोठू देतात. अर्ध्या तासात त्याची गुठळी आकसू लागते, नंतर यंत्रात बल्ब गरगर फिरवला की गुठळी तळाशी बसते आणि वर गवती पिवळसर रंगाचा स्वच्छ द्रव उरतो. हा द्रव म्हणजे सीरम. बहुतेक संप्रेरके यातच मोजली जातात. रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, आणि सीरम यांत फरक असा की सीरममधले फायब्रिनोजेन हे प्रथिन गुठळी बनवण्यात खर्ची पडलेले असते. बल्बवर आपले नाव आणि वय आपल्यासमोर लिहिले किंवा चिकटवले गेले का, हे उठण्यापूर्वी पाहून घ्यावे.

सीबीसीच्या ओळी

रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग रक्तद्रव असतो आणि उरलेला ४५ टक्के पेशींचा. रक्तद्रवात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि उरलेल्या भागात प्रथिने, क्षार, साखर आणि प्रवासाला निघालेली संप्रेरके असतात. पेशी तीन प्रकारच्या असतात आणि सीबीसी ही त्यांचीच मोजदाद आहे.

सर्वांत आधी हिमोग्लोबिनची ओळ वाचावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रचलित निकषानुसार पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ (मधल्या तिमाहीत १०.५) ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हिमोग्लोबिन गेले की रक्तक्षय धरतात. ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नये. ते का कमी आहे याचा पहिला धागा दोन-चार ओळी खाली, एमसीव्ही या नावाने छापलेला असतो. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, आणि ते ८० ते १०० फेम्टोलिटर असावे. हिमोग्लोबिन ९.६ आणि एमसीव्ही ६८ असेल तर पेशी लहान आहेत आणि लोहाची कमतरता ही पहिली शंका असते. तेच हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही ११२ असेल तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडकडे पाहावे लागते, आणि तेथे लोहाच्या गोळ्यांचा ढीग खाऊन उपयोग नसतो. पेशी लहान, परंतु तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर, असे चित्र दिसले तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असण्याची शक्यता तपासतात. लग्नाआधी ही तपासणी करून घेणे पत्रिका जुळवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते.

तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, दर सेकंदाला सुमारे वीस लाख या वेगाने, आणि सुमारे १२० दिवस जगतात. हे १२० दिवस लक्षात ठेवावेत, पुढे साखरेच्या संदर्भात त्यांची गरज लागेल. अस्थिमज्जेला पेशी बनवण्याचा हुकूम मूत्रपिंडाकडून येतो. रक्तात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडतात. त्यामुळेच मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात पोटात लोह पुरेसे जाऊनही हिमोग्लोबिन उतरत जाते.

आपल्याकडे रक्त कमी म्हटले की गुळाचा खडा पुढे केला जातो. कोल्हापुरी गुळाबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही, पण रक्तक्षय भरून काढण्याइतके लोह खाण्याजोग्या गुळात मिळत नाही आणि मधुमेह्याला तर तो साखरच असतो. मटणातले लोह शरीरात चांगले शोषले जाते. मात्र ते फोडींत असते, नुसता पांढरा रस्सा ओरपून ते मिळत नाही. पालेभाज्या आणि कडधान्यांतल्या लोहाला लिंबाची साथ मिळाली की ते अधिक शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की शोषण घटते.

पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार प्रति मायक्रोलिटर असतात. न्यूट्रोफिल वाढल्या तर बहुधा जिवाणूंचा संसर्ग, इओसिनोफिल वाढल्या तर ॲलर्जी किंवा जंत, अशी ढोबळ दिशा मिळते. त्यापुढचे डॉक्टरांवर सोडावे.

प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असतात. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की गल्लोगल्ली ‘पेशी किती?’ हाच प्रश्न ऐकू येतो. डेंग्यूमध्ये प्लेटलेट्सइतकेच हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीकडे, पाहणे महत्त्वाचे असते, कारण तो चढत गेला तर रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपत असल्याची ती खूण असते आणि जिवाला धोका बऱ्याचदा त्यातूनच येतो. ताप नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही आणि तरीही आकडा अचानक चाळीस हजार आला, तर ईडीटीएमुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून यंत्राला कमी दिसल्या असण्याची शक्यता असते. अशा वेळी काचपट्टीवर पाहणी किंवा सायट्रेटच्या बल्बमधून फेरमोजणी करून घ्यावी.

रक्तगटाबद्दल थोडक्यात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये एबीओ गट मांडले आणि त्यासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल मिळाले. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मिळ गट शोधला, तो जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ भासतो, पण अशा व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्त चालत नाही; म्हणून नुसता गट माहीत असून भागत नाही, रक्त चढवण्यापूर्वी क्रॉस-मॅच, म्हणजे दात्याचे आणि रुग्णाचे रक्त एकमेकांशी जुळवून पाहणे, अत्यावश्यक असते.

हुकूम देणारे आणि पाळणारे

अंतःस्रावी ग्रंथींना नलिका नसतात. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात आणि तो दूरच्या अवयवापर्यंत पोहोचतो. ‘हॉर्मोन’ हे नाव अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे आणि त्याला लोंबकळणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. तेथून वाढीचे संप्रेरक, थायरॉईडला हुकूम देणारे टीएसएच, ॲड्रिनलला हुकूम देणारे एसीटीएच, वृषण किंवा अंडाशयाला हुकूम देणारी एफएसएच व एलएच, आणि दूध बनवायला लावणारे प्रोलॅक्टिन बाहेर पडतात. मूत्र आवरणारे एडीएच आणि प्रसूतीत गर्भाशय आकुंचवणारे ऑक्सिटोसिन ही दोन्ही हायपोथॅलॅमसमध्ये बनून पीयूषिकेच्या मागच्या भागातून सुटतात. गळ्यात थायरॉईड, तिच्या पाठीला चिकटलेल्या बहुधा चार परावटू ग्रंथी, मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ॲड्रिनल, पोटात स्वादुपिंड, आणि वृषण किंवा अंडाशय. परावटू ग्रंथी आणि स्वादुपिंड पीयूषिकेचे ऐकत नाहीत. परावटू ग्रंथी रक्तातल्या कॅल्शियमकडे पाहून चालतात, स्वादुपिंड साखरेकडे.

थायरॉईडचा रिपोर्ट

नवख्या वाचकाला सर्वाधिक चकवणारा आकडा टीएसएचचा असतो. तो वाढला म्हणजे थायरॉईड जास्त काम करते आहे असा समज होतो आणि प्रत्यक्षात परिस्थिती बरोबर उलटी असते. तालमीतला वस्ताद आणि पठ्ठा डोळ्यांसमोर आणावेत. पठ्ठा आळसावला की वस्तादाचा आवाज चढतो, आणि पठ्ठा गरजेहून जास्त घुमू लागला की वस्ताद गप्प बसतो. टीएसएच हा पीयूषिकेचा, म्हणजे वस्तादाचा आवाज आहे. टी-४ आणि टी-३ ही थायरॉईडची संप्रेरके म्हणजे पठ्ठ्याची मेहनत आहे.

आता कागद वाचावा. टीएसएचची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ च्या आसपास छापलेली असते. टीएसएच २४ आणि फ्री टी-४ (प्रथिनांना न चिकटलेले, मोकळे टी-४) कमी, तर थायरॉईड मंदावली आहे. थकवा, थंडी सोसवेनाशी होणे, बद्धकोष्ठ, पाळीतली गडबड ही लक्षणे त्याला जुळतात. टीएसएच ७ आणि फ्री टी-४ व्यवस्थित, तर ग्रंथी अजून काम ओढते आहे, पण तिला ओरडून सांगावे लागते आहे. अशा वेळी बरेच डॉक्टर गोळी लगेच सुरू न करता काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. टीएसएच ०.०१ आणि टी-४ जास्त, तर ग्रंथी अतिरेक करते आहे. छातीत धडधड, हातांना कंप, भूक असूनही वजन घटणे ही त्याची चिन्हे. चौथा प्रकार क्वचित आढळतो, पण तो ठाऊक असावा : टी-४ कमी आणि टीएसएचही कमी किंवा चक्क ‘नॉर्मल’. येथे बिघाड पीयूषिकेतच असतो, आणि नुसते टीएसएच तपासून सुटका मानणाऱ्याच्या तो नजरेतून निसटतो. गरोदरपणात या मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून गर्भवतीने लॅबला तसे सांगूनच नमुना द्यावा.

गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करून पैसे घालवू नयेत. टी-४ चे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि पीयूषिका सावरायला त्याहून अधिक, त्यामुळे फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता करू नये, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

थायरॉईडला आयोडीन लागते, प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. भारताने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो यासाठीच. सैंधव आरोग्यदायी मानून घरातले आयोडीनयुक्त मीठ पूर्णपणे बंद करण्याची जी टूम सध्या दिसते, ती मला पटत नाही. सैंधवात आयोडीन वरून मिसळलेले नसेल तर त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

साखर आणि १२० दिवस

स्वादुपिंड पाचकरसही बनवते आणि संप्रेरकेही. त्यातल्या पेशींची छोटी बेटे १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स यांनी दाखवली; त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन आणि अल्फा पेशी ग्लुकागॉन बनवतात. एक साखर उतरवते, दुसरे चढवते. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षाच्या जानेवारीत ते पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले.

उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ हा उंबरठा आणि १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, पण लक्षणे नसताना एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासतात. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे. त्या दिवशी मुद्दाम चतकोर भाकरी खाऊन चांगला आकडा मिळवणाऱ्यांनी लॅबला फसवलेले नसते, स्वतःच्या उपचाराला फसवलेले असते. रोज जेवढे जेवता तेवढेच जेवून जावे.

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या सुमारे तीन महिन्यांचा हिशेब देतो : ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. पण हा हिशेब पेशीच्या आयुष्यावरच उभा आहे. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि पेशी अकाली फुटत असतील किंवा नुकतेच रक्त चढवले असेल तर खोटा कमी. म्हणून एचबीए१सीची ओळ वाचण्यापूर्वी त्याच दिवसाचे हिमोग्लोबिन पाहावे. दोन्ही तपासण्या एकाच जांभळ्या बल्बमधून होत असताना लोक त्यांतली एकच करून घेतात, हे खेदाचे आहे.

वेळ पाळणारी संप्रेरके

ॲड्रिनलचे कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते, त्यामुळे नमुन्याची वेळ रिपोर्टवर नसेल तर तो आकडा निरुपयोगी असतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी दहाच्या आत तपासतात आणि कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रोलॅक्टिन ताणानेही वाढते, म्हणून धावतपळत जाऊन लगेच सुई टोचून घेऊ नये, थोडा वेळ बसावे. स्त्रियांत एफएसएच आणि एलएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तर प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी अपेक्षित असण्याच्या सुमारे सात दिवस आधी तपासतात. त्यासाठी नेहमी सांगितला जाणारा एकविसावा दिवस अठ्ठावीस दिवसांच्या चक्रालाच लागू पडतो.

तालीम आणि जिमच्या या शहरात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अंग लवकर भरावे म्हणून घेतलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने बाहेरून टेस्टोस्टेरॉनसारखे काम करतात. पीयूषिका ते पाहून एलएच आणि एफएसएच थांबवते, वृषण आकसतात आणि शुक्राणू घटतात. शिवाय हिमॅटोक्रिट वाढून रक्त दाट होते. पहिलवानाच्या रिपोर्टमध्ये एलएच जवळपास शून्य आणि हिमोग्लोबिन १८ च्या पुढे दिसले, तर डॉक्टरांना न विचारताही बरेच काही कळते. तरी त्यांच्यापासून लपवू नये. त्याचप्रमाणे दमा किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोनसारखी, कॉर्टिसॉलचे काम करणारी गोळी बरेच दिवस घेणाऱ्यांनी ती मनाने एकदम बंद करू नये. त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथींना काम करण्याची सवय राहिलेली नसते आणि रक्तदाब अचानक कोसळू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना

रिपोर्टच्या मागच्या बाजूला रक्त किती वाजता दिले, शेवटचे खाणे कधी झाले, कोणती औषधे चालू आहेत, पाळीचा कितवा दिवस होता आणि अलीकडे ताप येऊन गेला का, एवढे लिहून ठेवावे. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावे, कारण यंत्र आणि पद्धत बदलली की मर्यादाही थोड्या बदलतात. छापलेली मर्यादा निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण तपासणीचे मोठे पॅकेज घेतले की वीसेक आकड्यांत एखादा बाण ठणठणीत माणसालाही निघू शकतो. मात्र साखर ७० च्या खाली जाऊन घाम आणि थरथर सुटली असेल, प्लेटलेट्स कमी असून कोठूनही रक्त येत असेल, किंवा पोटॅशियम फार वाढल्याचा फोन लॅबमधूनच आला असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या वेळेची वाट पाहू नये. साखर उतरलेल्या माणसाला, तो शुद्धीत असेल तर, आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि मग दवाखान्यात न्यावे.